गेज तपासणार कोण?

(चिंचवड येथे कामगार आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘परीक्षापद्धतीतील दोष’ असा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो थोडा आखडून घेतो. परीक्षेच्या दोषांवर आपल्या देशात बोलणे कधीच कमी झालेले नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली सांगितले की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षेची सुधारणा सुचवू. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला; आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. त्यानेही परीक्षेवर पाने खर्च केली. अहवाल ग्रंथालयात गेले आणि परीक्षा होती तिथेच राहिली. तेव्हा सगळ्या दोषांची उजळणी करण्यात मला रस नाही. मला एकाच प्रकारच्या परीक्षेविषयी बोलायचे आहे : जी बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना सुटूच नये अशा बेताने काढली जाते आणि जिच्या या न सुटण्याचाच आपण गुणवत्ता म्हणून गौरव करतो.

आयआयटीच्या प्रवेशासाठी ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ ही परीक्षा असते. २०२२ साली ती एकूण ३६० गुणांची होती. सर्वसाधारण गुणवत्ता यादीत नाव येण्यासाठी किती गुण लागले? ५५. म्हणजे शेकडा पंधरा. आपल्या दहावीच्या मुलाला गणितात पस्तीस मिळाले नाहीत तर आपण त्याला नापास म्हणतो, त्याचा बाप चारचौघांत मान खाली घालतो. आणि देशातील सर्वांत हुशार म्हणून निवडलेल्या मुलांच्या यादीचे शेवटचे टोक पंधरा टक्क्यांवर असते. त्या मुलांना मी कमी लेखत नाही. ती हुशारच असतात. प्रश्न असा की, ज्या कागदावरचा पंच्याऐंशी टक्के मजकूर निवडल्या गेलेल्या मुलालाही पेलला नाही, त्या कागदाने नेमके काय मोजले?

२०१८ साली याच परीक्षेत आणखी गंमत झाली. आधी ठरवलेल्या किमान गुणांनुसार १८,१३८ उमेदवार पात्र ठरले. जागांच्या दुप्पट उमेदवार यादीत हवे होते, तेवढे भरेनात. तेव्हा केंद्र सरकारच्या सूचनेवरून किमान गुण खाली आणण्यात आले आणि यादी ३१,९८० वर गेली. निकालाच्या दिवशी जी १३,८४२ मुले अपात्र होती, ती थोड्याच दिवसांत पात्र झाली. मधल्या काळात त्यांनी कोणते पुस्तक वाचले होते? एकही नाही. बदलले ते त्यांचे ज्ञान नव्हे, बदलली ती रेघ.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पात्रता सप्टेंबर २०२३ मध्ये शून्य परसेंटाइलवर आणण्यात आली. शून्य परसेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र; चुकीच्या उत्तरांसाठी गुण वजा होऊन ज्याची बेरीज शून्याच्याही खाली गेली, तोही. कारण उघड होते. जागा रिकाम्या राहत होत्या. जागा कमी असल्या की दर्जाचे सोवळे कडक होते, आणि त्या भरेनाशा झाल्या की तेच सोवळे खुंटीवर टांगले जाते. दर्जा नावाची वस्तू जर खरोखर त्या परीक्षेत असती, तर ती रिकाम्या जागा मोजून वरखाली झाली नसती.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी कारखान्यात प्लग गेज हाताळले असेल. त्याला दोन तोंडे असतात : एक ‘गो’, दुसरे ‘नो-गो’. भोकात ‘गो’ गेले पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. तसे झाले म्हणजे जॉब पास. समजा, एका पाळीत शंभर जॉब निघाले आणि त्यांपैकी नव्वद रिजेक्ट झाले. तुमचा इन्स्पेक्टर काय करतो? तो जॉबना शिव्या देत बसत नाही. तो मशीन थांबवतो, टूल पाहतो, ड्रॉइंग पाहतो, आणि तरीही उलगडा झाला नाही तर गेजच उचलून कॅलिब्रेशनला पाठवतो. गेजवर तपासणीची तारीख असलेली चिठ्ठी लावलेली असते. ती तारीख उलटली असेल तर त्या गेजने केलेले मापन कुणी मानत नाही. लोखंडाच्या तुकड्याला आपण एवढा न्याय देतो. पण शंभर मुलांपैकी नव्वद नापास झाली तर गेजकडे कुणी पाहत नाही. नव्वद जॉब भंगारात जातात आणि गेजची कीर्ती वाढते : काय कडक परीक्षा आहे!

मापनाच्या प्रत्येक साधनाला एक आवाका असतो आणि एक लघुतम माप असते. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. व्हर्नियर हातात घेऊन कुणी हजारांशाचा फरक सांगू लागला तर आपण हसू. परंतु एकेका गुणावर शेकडो, कधी हजारो, मुले उभी असतात, आणि त्या एका गुणावरून एकाला संगणकशास्त्र आणि दुसऱ्याला घरचा रस्ता मिळतो, तेव्हा आपण हसत नाही. अति कठीण प्रश्नपत्रिकेत तर बहुसंख्य मुले मापाच्या तळाशी गोळा होतात. तिथे ज्याला विषय निम्मा समजला आहे आणि ज्याला मुळीच समजला नाही, त्यांच्यात भेद करण्याची ताकद त्या कागदात उरत नाही. चुकीला गुण वजा होत असतील तर प्रयत्न करणाऱ्यापेक्षा कोरा कागद देणारा वर बसतो. हे मापन नव्हे.

मग हे आहे तरी काय? मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. मला यात एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. वस्तू थोडी आणि गिऱ्हाईक फार, अशी स्थिती आली की वाटपाची काहीतरी रीत लागते. बाजारात भाव चढतो. रेशनच्या दुकानात रांग लागते. सरकारी कचेरीत वशिला चालतो. शिक्षणात आणि नोकरीत ही रीत म्हणजे परीक्षा. २०२४ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. त्याच वर्षी महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज होते. हजारातून एक किंवा शंभरातून एक निवडायचा तर प्रश्नपत्रिका कशीही काढली तरी चालते. अट एवढीच, की बहुतेकांना बाहेर ठेवता आले पाहिजे. परीक्षेचा कठीणपणा हा ज्ञानाचा गुण नाही, तो टंचाईचा भाव आहे. आणि भाव म्हटला की तो कुणाला परवडतो हा प्रश्न आलाच.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी त्यांना विभागून मिळाले, त्यात तो येतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पदवीने माणसाचे कसब तसूभरही वाढले नाही, तरी मालकाच्या दृष्टीने तिला किंमत असू शकते, कारण ती मिळवण्याचे कष्ट कुशल माणसाला कमी पडतात आणि अकुशलाला जास्त. म्हणून पदवी ही खूण ठरते. युक्तिवाद देखणा आहे. पण तो आपल्या गावात आणून पाहा. इथे परीक्षा पार करण्याचा खर्च कुणाला कमी पडतो? ज्याच्या बापाला शिकवणीवर्गाची फी भरता येते, ज्याच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली आहे, जो तीन-चार वर्षे न कमावता बसू शकतो, त्याला. तेव्हा त्या खुणेवर मालक जे वाचतो ते मुलाचे कसब नसते, बऱ्याच अंशी ते बापाचे उत्पन्न असते. रोनाल्ड डोर या समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द डिप्लोमा डिसीझ’ नावाचे पुस्तक लिहिले, त्यात त्याने बजावले होते की, जो देश औद्योगिकीकरणाच्या शर्यतीत जितका उशिरा उतरतो तितका हा प्रमाणपत्रांचा रोग त्याला जोरात जडतो. आपण उशिरा उतरलो.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी आजची घसरण आहे, पूर्वीच्या परीक्षा खऱ्या होत्या. मराठी मनाला हा भ्रम फार प्रिय आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, तिच्यात पंचवीससुद्धा उत्तीर्ण झाले नाहीत. १८६२ साली पहिले बी.ए. झाले, ते चार. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्या चौघांतले. हे दोघे थोर होते यात शंका नाही. परंतु चारच उत्तीर्ण झाले म्हणून ते थोर ठरले, असा उलटा न्याय आपण लावतो. लोकमान्य टिळक गणित घेऊन एम.ए.ला बसले आणि अनुत्तीर्ण झाले. पुढे १८९३ साली ‘ओरायन’ लिहून ज्योतिर्गणिताच्या आधारे वेदांचा काळ ठरवायला निघालेल्या या माणसाविषयी त्या परीक्षेने काय सांगितले होते? त्यांचे निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, गणित त्यांना येत नव्हते असे म्हणायला कुणी धजणार नाही.

आणि आपले रँग्लर परांजपे. कोकणातल्या मुर्डी गावचा मुलगा केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत विभागून पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर, आला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पारतंत्र्याच्या काळात त्या यशाचा उत्सव झाला तो रास्तच होता. गोऱ्यांच्या आखाड्यात त्यांच्याच डावाने त्यांना चीत केले होते. पण त्या आखाड्याचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. ट्रायपॉसची ती क्रमवारी केंब्रिजने स्वतःच मोडीत काढली. १९०९ ची यादी ही शेवटची. ती मोडावी म्हणून जे झगडले त्यांत जी. एच. हार्डी होते, रामानुजनला ओळखणारे तेच हार्डी, आणि ते स्वतः १८९८ सालचे चौथे रँग्लर. म्हणजे कोल्ह्याची आंबट द्राक्षे म्हणण्याची सोय नाही. त्यांची तक्रार अशी की, ही परीक्षा अवघड आहे, पण ती अवघड आहे ती युक्त्यांमुळे. ती गणिती घडवत नाही, शर्यतीचे घोडे घडवते; आणि तिच्या पायी इंग्लंडचे गणित युरोपच्या मागे पडले.

त्या घोड्यांना तयार करणारे खाजगी शिकवणीकारही होते. राऊथ हा त्यांचा मेरुमणी. त्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. कोटा आणि लातूर यांच्या आधी केंब्रिजमध्ये ‘पॅटर्न’ होता, हे आपल्या शिकवणीसम्राटांना ऐकून आनंद होईल. राऊथ स्वतः १८५४ सालचा सीनियर रँग्लर. त्या वर्षी दुसरा आलेल्या मुलाचे नाव होते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विजेची आणि चुंबकत्वाची समीकरणे ज्याच्या नावाने ओळखली जातात तो. पहिल्या क्रमांकाचे नाव आज किती जणांना माहीत आहे, हे तुम्हीच सांगा.

अध्यापकांची एक मानसिक व्याधीही इथे नोंदवली पाहिजे, कारण मी त्या वर्गात आयुष्य काढले आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या बैठकीत एखादा सहकारी समाधानाने म्हणतो, ‘यंदाचा पहिला प्रश्न कोणी सोडवून दाखवावा!’ त्याला वाटते, मुले हरली म्हणजे आपण जिंकलो. पुढे निकाल दहा-बारा टक्क्यांवर येतो, बोभाटा होण्याची भीती निर्माण होते, आणि मग बंद खोलीत कृपागुणांची खिरापत वाटून तो फुगवला जातो. आधीचा कठीणपणाही मनमानी आणि नंतरची कृपाही मनमानी. शिकवलेले किती समजले, हा प्रश्न दोन्ही वेळा बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

आता या औद्योगिक पट्ट्याकडे येऊ, कारण हा विषय मी इथे मांडतो आहे तो काही केंब्रिजच्या काळजीपोटी नव्हे.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आली. साताऱ्याहून, सोलापुराहून, मराठवाड्यातून दुष्काळाने आणि तुकड्या-तुकड्यांच्या शेतीने हुसकावलेली मुले इथे येऊन कामगार झाली. सुमंत मुळगावकरांनी इथे आधी प्रशिक्षण केंद्र आणि टूलरूम उभी केली, मोटारगाड्या नंतर. भांडवलदारी व्यवस्थेविषयी माझी मते तुम्हाला ठाऊक आहेत. तरीही या एका गोष्टीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथल्या शिकाऊ मुलाची परीक्षा म्हणजे काय असे? लोखंडाचा ठोकळा कानशीने घासायचा आणि काटकोनात, मापात बसवायचा. ती परीक्षा सोपी नव्हती. हाताला फोड येत. पण काम काय आहे, माप किती आहे आणि सूट किती आहे, हे आधी कागदावर दिलेले असे. जॉब मापात बसला तर शंभरपैकी शंभर मुले पास होऊ शकत होती. त्या परीक्षेला मुलांना पाडण्याची गरज नव्हती, कारण त्या मुलांची कारखान्याला गरज होती.

आज चाकणला जा. मोठमोठ्या परदेशी आणि देशी मोटार कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. काम पूर्वीपेक्षा जास्त आहे. पण कायम नोकरी किती जणांना? कंत्राटी, शिकाऊ, हंगामी, ‘नीम’ योजनेखाली घेतलेले प्रशिक्षणार्थी, असे नाना नावांचे तरुण या पट्ट्याने पाहिले. अभियांत्रिकीची पदविका, पदवी घेतलेला मुलगा लाइनवर उभा राहून तेच चार बोल्ट आवळतो, जे दहावी झालेला मुलगा आवळू शकला असता. कामाला जेवढे ज्ञान लागते त्याच्या कितीतरी वर परीक्षेची पातळी गेली आणि परीक्षा झाल्यावर मिळणारे काम खाली खाली आले. या दोन रेघांमधल्या फटीत आपल्या घरातली मुले सापडली आहेत.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कामगाराच्या मुलाशी बोलून पाहा. ‘एम-थ्री राहिला आहे’, ‘वायडी लागला’, ‘एटीकेटी आहे’ ही त्याची भाषा. तिसरे गणित राहिले म्हणजे वर्ष गेले. वर्ष गेले म्हणजे फीचे कर्ज वाढले. पॅटर्न बदलला म्हणजे जुना अभ्यास वाया. पुढे तोच मुलगा ज्या कारखान्यात लागतो तिथे त्या गणिताचा कुणी उच्चारही करत नाही. गणित शिकवू नये असे मी म्हणत नाही. उलट कामगाराच्या मुलाला खरे गणित आले पाहिजे, उत्पादनखर्चाचे आणि नफ्याचे तर नक्कीच आले पाहिजे. माझा आक्षेप गणिताला जातपडताळणीच्या दाखल्यासारखे वापरण्याला आहे.

आणि यात राजकारण आहे. आपण सभेला बोलावतो तेव्हा कंत्राटी मुले येत नाहीत, अशी तक्रार मी कार्यकर्त्यांकडून नेहमी ऐकतो. ती भीतीने येत नाहीत हे खरे, पण तेवढेच खरे नाही. त्यांच्याशी निवांत बोललात तर ऐकाल : ‘सर, आम्ही अभ्यासच केला नाही, आता भोगतोय.’ सोळाव्या वर्षी हातात पडलेल्या गुणपत्रिकेचा निकाल त्याने मान्य केलेला असतो. शेजारच्या कायम कामगाराला आपल्या तिप्पट पगार का, हा प्रश्न तो विचारत नाही, कारण त्याचे उत्तर त्याला शाळेनेच देऊन ठेवले आहे : तो हुशार होता, तू नव्हतास. जागा थोड्या ठेवण्याचा निर्णय कुणी घेतला, हा प्रश्न अशा रीतीने विचारला जाण्याआधीच निकालात निघतो. मालकाला एवढे स्वस्त आणि एवढे मुकाट मनुष्यबळ कोणत्याही दडपशाहीने मिळाले नसते. ज्यांना हा निकाल पचत नाही, त्यांतल्या काहींच्या बातम्या निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. त्यांच्याविषयी बोलताना माझा शब्द अडतो, म्हणून थांबतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वांना माहीत असतो. त्याच निवेदनात आणखी एक बारकी मागणी आहे. मुंबई विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेसाठी खाजगी अभ्यासाला मान्यता दिली याबद्दल फुले आभार मानतात आणि म्हणतात की, हीच सवलत बी.ए., एम.ए. अशा वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे अनेक तरुण घरी राहून शिकतील. पोट भरता भरता शिकणाऱ्याला परीक्षेचे दार उघडे असावे, ही ती मागणी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले १९८९ साली. मधली १०७ वर्षे तुम्हीच मोजा.

समाजवादी चळवळीने तर याची किंमतही मोजली आहे. १९६७ साली बिहारमध्ये संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री झाले. त्यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. खेड्यातली, मागास जातींची, विशेषतः मुलींची, जी रांग इंग्रजीच्या एका कागदापाशी अडली होती, ती पुढे सरकली. उच्चवर्णीयांनी त्या मुलांना ‘कर्पूरी डिव्हिजन’ असे नाव पाडले. २०२४ साली कर्पूरीजींना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, तेव्हा त्या थट्टेची आठवण कुणी काढली नाही. निर्णय योग्यच होता. मात्र माझे मत असे की, तो अर्धा राहिला. मॅट्रिकचे दार उघडले, पण आतल्या नोकऱ्यांच्या दारांवर इंग्रजीचेच कुलूप राहिले. एक गेज काढले तर पुढच्या टेबलावर तेच गेज बसलेले.

ही आठवण आज उपयोगाची आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानासाठी एक तरतूद पुढे आली : पस्तीसपेक्षा कमी पण वीस वा अधिक गुण असतील तर विद्यार्थ्याला उत्तीर्ण म्हणावे, पण गुणपत्रिकेवर शेरा मारावा की पुढे गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही. वरवर पाहता दया. पण फिटर, टर्नर, मशिनिस्ट या आयटीआयच्या व्यवसायांना दहावीचे गणित आणि विज्ञान लागते. म्हणजे मोरवाडीच्या आयटीआयचे दार ज्या मुलाचे हक्काचे, तेच त्याच्या तोंडावर बंद. आणि तो पास झाला म्हणून नाराजी दाखवायचीही सोय नाही. त्याला गणित का आले नाही, शाळेत गणिताचा शिक्षक होता का, हे विचारण्याचे कष्ट वाचले. अशक्य परीक्षा आणि अशी सवलत ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींत शिकवण्याची जबाबदारी कुणावरच नाही.

मला माहीत आहे, आता समोरून प्रश्न येईल की, परीक्षा सोप्या केल्या तर पूल कोसळतील, रोगी मरतील. परीक्षा सोप्या करा असे मी म्हटलेलेच नाही. वेल्डरची परीक्षा पाहा. जोडलेली पट्टी वाकवतात, क्ष-किरणांनी तपासतात; जोडात पोकळी निघाली तर तो नापास, मग तो कुणाचाही मुलगा असो. ही कठोर परीक्षा आहे. पण ती कठोर आहे ती बॉयलर फुटू नये म्हणून, जागा कमी आहेत म्हणून नव्हे. तिचे माप कामाने ठरवलेले आहे. ज्या परीक्षेचे माप कामाने ठरते तिला आपला विरोध असण्याचे कारण नाही, ती कितीही कठीण असो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. लेखी परीक्षाच नको म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, घाई करू नये. मुलाखतीत आडनाव ऐकू येते, उच्चार ऐकू येतात; उत्तरपत्रिकेवर फक्त बैठक क्रमांक असतो. दलित, आदिवासी आणि बहुजन घरांतली जी मुले आज अधिकारी, प्राध्यापक झालेली दिसतात, त्यांना आरक्षणाने दार उघडले आणि त्या निनावी उत्तरपत्रिकेने आत नेले. ती काढून घेतली तर तिच्या जागी वशिला येईल, दुसरे काही येणार नाही. म्हणून परीक्षा राहू द्या. तिचे कॅलिब्रेशन करा आणि मुख्य म्हणजे जागांचा हिशेब मागा.

हे काम कार्यकर्त्यांनी करण्यासारखे आहे. प्रत्येक विद्यापीठाकडे, मंडळाकडे विषयवार निकाल असतो. प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी हात घातला आणि किती जणांना तो सुटला, हेही काढता येते. माहितीच्या अधिकाराखाली ते मागावे. ज्या प्रश्नाला शेकडा पाच मुलेही पोचली नाहीत, तो वर्गात कधी आणि कसा शिकवला गेला, हे परीक्षा मंडळाने लेखी सांगावे, अशी मागणी करावी. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या जागा किती, मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष हजर किती, हा आकडा महानगरपालिकेच्या आणि राज्य सरकारच्या दप्तरांत आहे. कारखान्यांची संख्या वाढली त्या मानाने या जागा वाढल्या की नाही, याचा तक्ता आपल्या विद्यार्थी साथींनी दोन महिन्यांत तयार करावा. मी बसायला तयार आहे, आकडेमोड मला अजून जमते.

कामगार साथींसाठी एक वेगळी गोष्ट. तीन पाळ्यांत काम करून मुक्त विद्यापीठाची, तंत्रनिकेतनाची किंवा स्पर्धा परीक्षा देणारी कितीतरी मुले तुमच्या गेटमधून आत जातात. कायम कामगाराला निदान रजा टाकता येते. कंत्राटी आणि शिकाऊ मुलाने परीक्षेच्या दिवशी दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद होऊ शकतो. रात्रपाळी करून सकाळी पेपरला बसलेल्या मुलाचा मेंदू किती चालेल, हे तुम्हाला सांगायला नको. येत्या करारांच्या मागणीपत्रांत एक कलम घाला : परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि परीक्षेच्या दिवशी भरपगारी रजा, आदल्या आठवड्यात रात्रपाळी नाही, आणि हे कायम, कंत्राटी, शिकाऊ अशा सर्वांना. मालकाला याचा खर्च किती येईल, त्याचे गणित मी मांडून आणले आहे. पगाराच्या एकूण बिलात तो शोधावा लागतो, इतका किरकोळ आहे. कागद इथे टेबलावर ठेवतो. ज्यांच्या युनियनचा करार येत्या वर्षात संपतो आहे त्यांनी जाताना एकेक प्रत घ्यावी, आणि आकड्यांत कुठे खोट दिसली तर मला आजच सांगावे.